मिरची किरणोत्सारी होत नाही, पोलाद होतं

नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारातली मिरची विकिरण केंद्रातून आणली, तर ती स्वतःच किरणं सोडू लागेल, ही भीती अनेकांना वाटते. ती निराधार आहे. वाशीच्या केंद्रात 2000 सालापासून मसाल्यांना कोबाल्ट-60चे गॅमा किरण देतात. त्यांची ऊर्जा 1.17 आणि 1.33 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. जंतू मारायला ती पुरते, मिरचीतले अणू किरणोत्सारी करायला नाही.

याच्या अगदी उलट गैरसमज फ्यूजनबद्दल आहे: ती सूर्याची ऊर्जा, म्हणजे किरणोत्साराची कटकटच नाही! ड्युटेरियम आणि ट्रिटियम हे हायड्रोजनचे जड प्रकार एकत्र आले, की 14.1 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा न्यूट्रॉन सुटतो. त्याच्यावर विद्युतभार नसतो. प्लाझ्माला, म्हणजे भट्टीतल्या विद्युतभारित तप्त वायूला, रोखणारे चुंबक त्याला रोखू शकत नाहीत. तो भट्टीच्या भिंतीत शिरतो आणि तिथलं पोलाद किरणोत्सारी करतो. किती काळासाठी, ते पोलादात काय मिसळलंय यावर ठरतं. निओबियमपासून बनणाऱ्या निओबियम-94चं अर्धायुष्य सुमारे 20,000 वर्षं. म्हणूनच कल्पक्कमचं अणुसंशोधन केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि हैदराबादची मिधानी ही धातुकंपनी यांनी मिळून घडवलेल्या पोलादात निओबियमच्या जागी टँटलम आणि मॉलिब्डेनमच्या जागी टंगस्टन आहे.

पण किरणोत्सारी होणं वेगळं आणि धातू खराब होणं वेगळं. या दोन्हींची गल्लत शिकलेली माणसंही करतात. न्यूट्रॉनच्या धडकेनं अणू जागेवरून उडतो, वाटेतल्या आणखी कित्येकांना उडवतो. त्यातले बहुतेक सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी वेळात कुठल्या ना कुठल्या जागेवर परत बसतात. जे बसत नाहीत, त्यांच्या मागे उरलेल्या रिकाम्या जागा गोळा होत जातात. 1967 साली स्कॉटलंडमधल्या डाउनरे अणुभट्टीतल्या स्टेनलेस स्टीलमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अशाच बारीक पोकळ्या आढळल्या. धातू वितळला नव्हता, तुटलाही नव्हता; आतून फुगला होता. फ्यूजनमध्ये भर पडते ती न्यूट्रॉनमुळे धातूतच तयार होणाऱ्या हेलियमची. त्याचे बुडबुडे स्फटिककणांच्या सीमांवर साचले, की पोलाद ठिसूळ होतं.

सूक्ष्मदर्शकात एकेक हरवलेला अणू मोजता येतो, असंही काहींना वाटतं. बहुधा दिसतात ते काळे ठिपके आणि कडी, म्हणजे दोषाभोवती ताणल्या गेलेल्या स्फटिकाच्या खुणा. त्यासाठी नमुना साधारण 100 नॅनोमीटरइतका पातळ करावा लागतो.

शिवाय हे यंत्र नुसतं बघत नाही. 2 लाख व्होल्टच्या झोतातला इलेक्ट्रॉन लोखंडाच्या अणूला जास्तीत जास्त सुमारे 9 इलेक्ट्रॉन-व्होल्ट देऊ शकतो. तो अणू जागेवरून हलवायला सुमारे 40 लागतात. ॲल्युमिनियमच्या हलक्या अणूला मात्र 19हून जास्त मिळतात आणि त्याला जवळपास 16 पुरतात. नागपुरात वाडीला ॲल्युमिनियमचं अख्खं संशोधन केंद्र आहे, त्यामुळे इथल्या वाचकाला हे सांगायलाच हवं: त्या धातूच्या चित्रातला एखादा दोष भट्टीचा नसून सूक्ष्मदर्शकाच्या झोतानंच केलेला असू शकतो. अशा वेळी व्होल्टेज कमी करून पुन्हा बघावं लागतं.