ब्लूजचें गिटारवादन आणि नित्याचा सराव

अमेरिकेंतील मिसिसिपी राज्याचा ब्लूज-गायक रॉबर्ट जॉन्सन यानें मध्यरात्रीं चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून गिटारवादनाची सिद्धि मिळविली, अशी आख्यायिका आहे. १९३८ सालीं, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षीं तो निवर्तला. परंतु १९३६ व १९३७ सालीं त्यानें ध्वनिमुद्रित केलेलीं २९ गीतें आजहि जगभर ऐकलीं जातात.

वस्तुस्थिति निराळी आहे. ज्येष्ठ वादक सन हाउस यानें पुढें सांगितल्याप्रमाणें तरुण जॉन्सनचें आरंभींचें वादन कर्णकटु होतें; कांहीं काळ दूर राहून तो परतला तेव्हां मात्र ऐकणारे थक्क झाले. त्या अवधींत तो आइक झिमरमन या वादकापाशीं शिकत होता. स्मशानभूमीच्या शांततेंत ते दोघे रात्रीं सराव करीत, असें झिमरमनचे कुटुंबीय सांगत. सैतानाच्या कथेनें हे परिश्रम झांकले जातात, आणि ‘आपल्याला ही देणगी नाहीं’ असें मानून नवशिका गिटार खुंटीला टांगतो.

ब्लूजचा रूढ सांचा बारा खंडांचा असतो. दर खंडांत ४ मात्रा, म्हणजे एकंदर ४८ मात्रांचें आवर्तन. आणि षड्ज, मध्यम व पंचम यांवर उभारलेले तीनच मुख्य कॉर्ड. एवढा सांचा आठवड्यांत पाठ होतो. पण अवघड भाग त्यानंतरच सुरू होतो. मात्रेचे तीन भाग कल्पून पहिला आघात लांब व दुसरा आंखूड ठेवावयाचा, ती झुलती लय अंगीं मुरण्यास महिने लागतात.

म्हणून रविवारीं तीन तास बसण्यापेक्षां रोज अर्धा तास बसणें हितकर. मेट्रोनोम संथ ठेवून पायानें ठेका धरावा. चूक झाली तर सबंध आवर्तन पुन्हां न वाजवितां तेवढेच दोन खंड आणखी संथ लयींत घोळावे. एरवीं चुकीचाच सराव होतो. सतारीच्या मिंडीप्रमाणें येथेंहि तार ओढून स्वर चढवितात. त्यासाठीं इष्ट स्वर आधीं त्याच्या पडद्यावर वाजवून कानांत सांठवावा, मग दोन पडदे मागून तार ओढून तो गांठावा. बोटें वा मनगट दुखूं लागतांच थांबावें.

ओळ वाजविण्यापूर्वीं ती गुणगुणून पाहावी. जें कंठांत स्पष्ट नाहीं, तें बोटांत सहसा उतरत नाहीं.