लॅपटॉप नवा, मग नेट सारखं का जातं?



आजचा विषय जरा वेगळा आहे. शेळीपालन नाही, परसबाग नाही. आज लॅपटॉपबद्दल बोलायचंय. बऱ्याच ग्रामसंघांत आता लॅपटॉप आलेत. गटाच्या नोंदी, कर्जाचे प्रस्ताव, बँकेचे कागद, सगळं त्यावर चढवावं लागतं. आणि जिथं जाईन तिथं एकच तक्रार ऐकते, “ताई, लॅपटॉप नवा कोरा आहे, पण नेट टिकत नाही.”

माझ्या एका ग्रामसंघातली गोष्ट सांगते. अडतीस हजारांचा लॅपटॉप घेतला. बैठकीत ठराव झाला, सह्या झाल्या, पेढे वाटले. आमची लिपिका बारावी शिकलेली, हुशार पोरगी. पहिले दोन दिवस छान गेले आणि मग नेट जायला लागलं. पाच मिनिटं चालायचं, दहा मिनिटं गायब. तिला वाटलं, आपलाच हात लागून काहीतरी बिघडलं. ती कुणाला बोललीच नाही. आठ दिवस गुपचूप एसटीनं अर्ध्या तिकिटात तालुक्याला जायची, तिथल्या दुकानात पैसे भरून नोंदी चढवायची आणि परत यायची. तिकिटाचे आणि दुकानाचे पैसे स्वतःच्या मानधनातून. इकडे सात गटांचे कर्ज प्रस्ताव अडकलेले, पेरणी तोंडावर. शेवटी बैठकीत एका काकूंनी विचारलंच, “एवढे पैसे घातले, काम का होईना?” तेव्हा ती रडली.

मी तिला तिथंच सांगितलं, बटणं दाबून लॅपटॉप असा बिघडत नसतो. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा सगळं कळत नव्हतं. पण आम्ही दोघी दोन दिवस ठाण मांडून बसलो आणि शोधून काढलं. तेच आज सांगते.

पहिली गोष्ट, वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. आपल्याकडे पाण्याची टाकी असते. टाकीत पाणी येतं ते गावाच्या पाइपलाइनीतून, आणि टाकीतून आपल्या हंड्यात येतं ते नळानं. ज्या डबीवर दिवे लुकलुकतात ना, राउटर म्हणतात ती, ती आपली टाकी. तिच्यापासून लॅपटॉपपर्यंतचा नळ म्हणजे वाय-फाय. हंडा भरला नाही, तर टाकीच कोरडी आहे की नळ अडलाय, हे आधी बघायचं. लॅपटॉपवर वाय-फाय जोडलेलं दिसतं आणि तरी ‘नो इंटरनेट’ असं येतं, तेव्हा नळ बहुतेक ठीक असतो, टाकीत पाणी नसतं.

हे ओळखायचं कसं? मोबाइल घ्या, त्याचा स्वतःचा डेटा बंद करा आणि त्याच वाय-फायवर जोडा. डेटा बंद करायला विसरू नका. नाहीतर मोबाइल स्वतःचं नेट वापरतो आणि आपली फसगत होते. मोबाइललाही नेट नाही, तर लॅपटॉपचा दोष नाही. राउटर बघा. फायबरची लाइन असेल तर त्यावर ‘एलओएस’ नावाचा दिवा असतो. तो लाल लुकलुकत असेल, तर बाहेरून येणारी तारच तुटली किंवा सुटली आहे. केबलवाल्या दादांना फोन करायचा, दुसरं काही करायचं नाही. ती पिवळी किंवा पांढरी बारीक तार खिळ्याला गुंडाळून ठेवू नका. तिच्या आत काच असते, घडी घातली की प्रकाश पुढं जात नाही. लाल दिवा नसेल, तर राउटर बटणानं बंद करा, मिनिटभर थांबा, सुरू करा. सगळे दिवे लागायला दोन-तीन मिनिटं जातात. लाइट जाऊन आल्यावरही तेवढा वेळ द्यावा लागतो, पण आपण एका मिनिटातच ओरडायला लागतो. आणि राउटरच्या मागं सुईनं दाबायचं बारीक छिद्र असतं, त्याला हात लावू नका. त्यानं पासवर्डसकट सगळं पुसलं जातं.

आमच्याकडे मात्र मोबाइलला नेट छान होतं, फक्त लॅपटॉपला नव्हतं. टाकी भरलेली, नळ अडलेला. आता पुढची परीक्षा. लॅपटॉप उचलून थेट राउटरच्या शेजारी नेला आणि तिथं तासभर एकदाही नेट गेलं नाही! म्हणजे यंत्र चांगलं होतं, अडचण मधल्या वाटेत होती.

आमचं कार्यालय जुन्या वाड्यातलं आहे. राउटर पुढच्या खोलीत, तोही लोखंडी कपाटाच्या मागं. लिपिका बसायची आतल्या खोलीत. मध्ये दोन फुटी दगडी भिंत. वाय-फायच्या लहरींना दगड, काँक्रीट, पाणी आणि सगळ्यात जास्त लोखंड अडवतं. धान्याची पत्र्याची कोठी, तिजोरी, पत्र्याची भिंत, हे सगळे अडथळेच. पण मग मोबाइलला कसं मिळत होतं?

इथं खरी गंमत आहे. लॅपटॉपच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात वाय-फायचं चिन्ह असतं. ते दाबलं की आसपासच्या वाय-फायची नावं येतात. आमच्या राउटरची तिथं दोन नावं होती. एक साधं, आणि दुसऱ्यापुढं ‘5जी’ लिहिलेलं. हे मोबाइलवालं 5जी नव्हे बरं का. एका राउटरच्या दोन लहरी असतात, 2.4 गिगाहर्ट्झ आणि 5 गिगाहर्ट्झ. जत्रेत लेझीम खेळतात तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला काय ऐकू येतं? ढोल येतो, झांज येत नाही. झांज जवळ गेल्यावरच खणखणते. 2.4 हा ढोल आहे, वेग कमी पण भिंती ओलांडून लांब जातो. 5 ही झांज आहे, जवळ असाल तर खूप वेगवान, भिंत आली की दमते. दुकानदाराच्या मुलानं पुढच्या खोलीत बसून लॅपटॉप जोडून दिला होता, तिथं झांज छान वाजत होती. आत नेल्यावर लॅपटॉप तीच धरायचा प्रयत्न करायचा. लिपिकेनं मोबाइल मात्र साध्या नावावर जोडलेला होता.

आम्ही सेटिंग्जमध्ये गेलो, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, मग ‘वाय-फाय’, मग ‘मॅनेज नोन नेटवर्क्स’. तिथं 5जी नावापुढं ‘फरगेट’ दाबलं आणि साध्या नावाला जोडलं. राउटर कपाटामागून काढून दाराच्या वरच्या फळीवर ठेवला. उंचावर, मोकळा. एक पैसा खर्च नाही. काही राउटरांवर दोन्ही लहरींचं नाव एकच असतं. तिथं राउटरची जागा बदलणं किंवा आपण जवळ बसणं हाच सोपा उपाय.

दोन दिवस बरं चाललं, आणि पुन्हा नेट गेलं! आता लिपिका शहाणी झाली होती. तिनं वहीत लिहून ठेवलं होतं, किती वाजता गेलं आणि तेव्हा काय चाललं होतं. वही वाचली तर दर वेळी एकच, प्रिंटर लावला की नेट जातं. सगळ्यांनी प्रिंटरला शिव्या घातल्या. पण खोलीत पॉइंट एकच. प्रिंटर लावायचा म्हणजे लॅपटॉपचा चार्जर काढायचा. चार्जर निघाला की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि काटकसर सुरू करतो. आपण नाही का, महिनाअखेरीला एक दिवा बंद करतो? तो वाय-फायचाच दिवा बंद करत होता.

त्याचा उपाय असा. खाली स्टार्टच्या चिन्हावर माउसचं उजवं बटण दाबा, ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ‘नेटवर्क अ‍ॅडॉप्टर्स’मध्ये ज्या ओळीत वाय-फाय किंवा वायरलेस लिहिलंय, ती दोनदा दाबा. ‘पॉवर मॅनेजमेंट’ असं पान असेल तर त्यात पहिलीच खूण असते, वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्या, अशा अर्थाची. ती खूण काढून टाका. हे पान प्रत्येक लॅपटॉपवर नसतं, तेव्हा दिसलं नाही तर घाबरू नका. आम्ही खूण काढली आणि एक चांगला एक्स्टेन्शन बोर्डही आणला. त्या दिवसापासून प्रिंटरवरचा आरोप मागे.

ज्यांच्या गावात लाइन नाही, त्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करतात. त्यांचं दुखणं निराळं. नवा लॅपटॉप नेट मिळालं की मागच्या मागं विंडोजचे अपडेट उतरवत बसतो. आपलं रोजचं दीड जीबी सकाळीच संपतं. बऱ्याच प्लॅनमध्ये मर्यादा संपली की वेग 64 केबीपीएसवर येतो, म्हणजे पान उघडायला चहा होऊन जातो. म्हणून हॉटस्पॉटला जोडल्यावर त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ सुरू करा. लॅपटॉपला कळतं की इथं मोजूनमापून आहे, आणि तो बहुतेक अपडेट थांबवतो. पण अपडेट कायमचे टाळू नका. महिन्यातून एकदा जिथं चांगलं नेट असेल तिथं बसून करून घ्या, त्यात वाय-फायच्या दुरुस्त्याही येतात.

हॉटस्पॉट सारखा तुटत असेल तर चार्जिंगच्या केबलनं मोबाइल लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. केबल डेटा नेणारी हवी, काही स्वस्त केबली फक्त चार्जिंग करतात. नेट तारेतून येतं, वाय-फायचा प्रश्नच मिटतो.

बारीक गोष्टी दोनच. विमानाचं चित्र असलेलं बटण चुकून दाबलं गेलं की वाय-फाय पूर्ण बंद होतं, पुन्हा दाबलं की सुरू होतं. आणि लॅपटॉपची तारीख-वेळ चुकलेली असेल तर बँकेच्या, सरकारच्या साइट उघडत नाहीत. आपण नेटला दोष देत बसतो.

एवढं करूनही राउटरच्या शेजारी बसून नेट तुटत असेल आणि बाकी मोबाइल नीट चालत असतील, तर सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क रीसेट’ करा. सगळे पासवर्ड पुन्हा घालावे लागतात, म्हणून आधी वहीत लिहून घ्या. तरीही नाही झालं, तर मात्र यंत्रात दोष असू शकतो. मग वॉरंटी. आमच्या लिपिकेला तालुक्यातल्या एकानं न उघडताच सांगितलं होतं, आतलं कार्ड गेलं, दीड हजार द्या. नशीब, दिले नाहीत. नवा लॅपटॉप बाहेर खोलू देऊ नका, पुढं वॉरंटीत वाद होतो. बिल ग्रामसंघाच्या फाइलमध्ये लावा आणि फोटोही काढून ठेवा. दुकानदार, कंपनी दाद देत नसतील तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.

कंपनीचा फोन नंबर बिलावरून किंवा खोक्यावरूनच घ्या. नेटवर शोधलेला नंबर भामट्याचा असू शकतो. तो गोड बोलून एखादं अ‍ॅप घ्यायला लावतो, आपला स्क्रीन त्याला दिसतो, आणि गटाचं खातं रिकामं होतं. वाय-फाय दुरुस्त करायला ओटीपी किंवा पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन करा, त्यात तास दोन तासही दवडू नका.

आमचे सातही प्रस्ताव गेले, पेरणीच्या चार दिवस आधी. लिपिकेचे एसटीचे आणि दुकानाचे पैसे बैठकीत ठराव करून परत दिले, आणि तो ठराव त्याच काकूंनी मांडला.

तुमच्या कार्यालयातलं नेट कधी जातं, तेव्हा काय चाललेलं असतं, हे आठ दिवस वहीत लिहा आणि केंद्रावर पाठवा. पुढच्या वेळी त्यातल्याच अडचणी घेऊन बसू. नमस्कार.