वहीतली नावं

गणपतीत आमच्या सोसायटीत दरवर्षी काही ना काही असतंच. पाककृती, रांगोळी, संगीतखुर्ची. यंदा मात्र आम्ही बायकांनी ठरवलं, प्रत्येकीनं आपल्या मुंबईतल्या एखाद्या माणसाची किंवा संस्थेची गोष्ट सांगायची. अट एकच, पाच मिनिटांत आटपायचं!

तिसऱ्या मजल्यावरच्या भाभींनी लगेच ‘लिज्जत’ घेतलं. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ती गोष्ट. एकीनं १९०८ सालचं गावदेवीचं सेवासदन घेतलं. मी परळची सून. मी म्हटलं, अन्नपूर्णा महिला मंडळ माझं.

टिपणं काढली आणि घरात मोठ्यानं वाचून बघत होते. ‘१९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून...’ सासूबाई बिरड्याचे वाल सोलत बसल्या होत्या. वय पंच्याऐंशी, पण कान तिखट. म्हणाल्या, “हे कुठून उतरवून आणलंस? मला विचारायचंस की! मी होते त्यात.”

मी बघतच राहिले. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. आई पूर्वी खानावळ चालवायच्या एवढं मला ठाऊक होतं. पण ते आपलं ‘आमच्याकडे पूर्वी म्हैस होती’ म्हणावं, तसं. त्यापुढे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

त्या दिवशी मात्र वाल तसेच राहिले. कोकणातून, घाटावरून माणसं गिरणीत यायची. बायकामुलं गावाकडे. एकेका खोलीत दहा-पंधरा जण, पाळीपाळीनं झोपणारे. त्यांना जेवू कोण घालणार? तर चाळीतल्या आईंसारख्या बायका. गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या, म्हणून चूलही तीन पाळ्यांत. पहाटेच्या पाळीवाल्याला चहा-भाकरी, रातपाळीहून आलेल्याला गरम जेवण, मधल्यांचे डबे. “तुझे मिस्टर पाळण्यात आणि मी स्टोपुढे,” आई म्हणाल्या. पैसे महिन्याचा पगार झाल्यावर. तोवर वाण्याकडे उधारी, आणि उधारी थकली की सावकार. त्याचं व्याज भागवता भागवता जीव जायचा.

बँकेत गेलं तर तारण काय, जामीन कोण? या बायकांकडे होतं काय, तवा आणि परात! मंडळानं नेमकं हेच ओळखलं. बायकांचे गट केले, एकमेकींची हमी घ्यायला लावली आणि बँकेचं दार उघडलं. “सही करायला गेले तर हात असा कापत होता,” आई हसून म्हणाल्या. “अंगठा नको, नाव लिही, म्हणाल्या मंडळातल्या बाई.”

मग आत जाऊन त्यांनी ट्रंकेतून एक वही काढली. पिवळी पडलेली, कडा कुरतडलेल्या. माणसांची नावं आणि पुढे रकमा. जानेवारी १९८२ पर्यंत एकेका नावापुढे ‘मिळाले’ अशी खूण. १८ जानेवारीला संप झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. वहीत पुढे नुसत्या रकमा, खुणा नाहीत.

“बंद का नाही केलंत जेवण?” मी विचारलं.

“काहींचं केलं की! किती दिवस घालणार? पण दहा वर्षं जो ताटावर बसलाय, तो दारात उभा राहिला तर काय सांगू? वाण्याचं देणं मी फेडलं. पाटल्या मोडल्या तेव्हाच.” जरा थांबून म्हणाल्या, “एकाचा मात्र अजून राग येतो. दुकान टाकलंन त्यानं नंतर, तरी समोरून जाताना मान फिरवायचा.”

मला वाटलं, हीच खरी गोष्ट! ही वहीच घेऊन जाते, नावं वाचून दाखवते. आईंनी माझ्या हातातून वही काढून घेतली. “गोष्ट सांग. माझं नाव सांग. यांची नावं घ्यायची नाहीत. त्यांच्या सुना-नातवंडं इथंच राहतात, तुझ्या कार्यक्रमाला बसतील. आजोबा उधारीवर जेवले हे त्यांनी माइकवरून ऐकायचं?”

“त्या दुकानवाल्याचं पण नाही?”

“त्याचं पण नाही.”

मला खरं तर ते तेवढं पटलं नव्हतं. ज्यांनी बुडवले त्यांची अब्रू झाकायची आणि हिच्या पाटल्यांचं काय? पण वही त्यांची, उधारी त्यांची. मी गप्प बसले.

कार्यक्रमाला आईंना पहिल्या रांगेत बसवलं. मी मंडळ सांगितलं, प्रेमाताई सांगितल्या, आणि मग आमची दहा बाय बाराची खोली सांगितली. पाच मिनिटांची पंधरा कधी झाली कळलं नाही. खाली उतरले तर मागच्या विंगमधल्या दोघी-तिघी आईंभोवती बसलेल्या. त्यांच्याही घरी खानावळ होती म्हणे! एकीच्या आईची, एकीच्या आजीची. इतकी वर्षं एका लिफ्टनं वर-खाली करतोय, कुणाला माहीत नव्हतं.

संस्थांचा इतिहास स्मरणिकेत छापला जातो, स्थापनेचं साल भिंतीवर कोरलं जातं. पण तिथं सही करताना हात कापलेल्या बाईची गोष्ट तिच्याच घरात असते, वाल सोलत. तिला विचारावं लागतं, आणि ती सांगते आहे तोवरच विचारावं लागतं. मी अठ्ठावीस वर्षं उशीर केला. तुम्ही करू नका.

वही परत ट्रंकेत गेली आहे. “मी गेल्यावर काय करायचं ते कर,” आई म्हणतात. काय करायचं, ते माझं अजून ठरत नाही.