हरणाऱ्या संघाचे सोबती

उगवत्या सूर्यास नमस्कार करणारांची जगांत कधींच वाण पडत नाहीं; आणि ‘असतील शितें तर जमतील भुतें’ ही म्हण आपल्या पूर्वजांनीं उगीच रचिलेली नाहीं. ज्याच्या घरीं लक्ष्मी नांदते, त्याच्या ओसरीवर पाहुण्यांची दाटी असते; तिचें पाऊल बाहेर पडलें कीं तीच ओसरी ओस पडते. हा मनुष्यस्वभाव राजकारणांत व व्यापारांत जसा दिसतो, तसाच तो क्रीडांगणावरही दिसतो. किंबहुना तेथें तो अधिक स्पष्ट दिसतो, कारण तेथें जय कोणाचा व पराजय कोणाचा हें फलकावर आंकड्यांनींच लिहिलेलें असतें. आपला संघ वर्षानुवर्षें हरतच राहिला, तर त्याच्या पाठीशीं उभें राहणें हा सद्गुण कीं केवळ हट्ट? आणि जो केवळ विजयाच्या दिवशीं येऊन सामील होतो, त्यास काय म्हणावें? या प्रश्नांचा विचार करण्यास अमेरिकेंतील बेसबॉल या खेळाचा इतिहास फार उपयोगी पडतो.

बेसबॉल हा आपल्या परिचयाच्या क्रिकेटचा दूरचा भाऊबंद म्हणावा असा खेळ आहे. दोन्ही बाजूंस नऊ नऊ गडी असतात. एका बाजूचा गडी चेंडू फेंकतो, दुसऱ्या बाजूचा गडी गोल लांकडी दांड्यानें तो टोलवितो, आणि चौकोनाचे चारही कोपरे पार करून जो पुन्हां मूळ जागीं येतो, त्याची एक धांव होते. दोन्ही बाजूंचे तीन तीन गडी बाद झाले कीं एक डाव संपतो, व असे नऊ डाव खेळावयाचे असतात. नॅशनल लीग व अमेरिकन लीग या तेथील दोन प्रमुख संघटना होत. त्यांचे विजेते १९०३ सालापासून, एकदोन वर्षांचा अपवाद वगळतां, वर्षाच्या शेवटीं एकमेकांशीं झुंजतात. या अंतिम मालिकेस ‘वर्ल्ड सीरीज’ म्हणतात. पूर्वीं प्रत्येक संघास वर्षांतून १५४ सामने खेळावे लागत. १९६२ पासून दोन्ही संघटनांत ही संख्या १६२ झाली. म्हणजे वसंतापासून शरदापर्यंत जवळजवळ दररोज एक सामना! त्यामुळें दुबळ्या संघाच्या चाहत्यास पराभवाचा घोट वर्षांतून एकदां नव्हे, तर कधीं कधीं शंभर वेळां गिळावा लागतो.

आतां ‘बँडवॅगन’ हा शब्द पाहूं. अमेरिकेंत गांवोगांव फिरणाऱ्या सर्कशींच्या मिरवणुकींत वाजंत्र्यांचा एक शृंगारलेला गाडा असे. त्याचें हें नांव. एकोणिसाव्या शतकांत राजकीय मिरवणुकींतही असे गाडे निघूं लागले, आणि ज्या उमेदवाराची सरशी दिसे, त्याच्या गाड्यावर चढून बसण्यासाठीं संधिसाधूंची धडपड सुरू होई. त्यावरून, जिंकणाऱ्या पक्षास ऐन वेळीं येऊन मिळणें यास ‘वाजंत्र्यांच्या गाड्यावर उडी घेणें’ असें म्हणण्याचा प्रघात पडला. खेळाच्या जगांत, संघ जिंकूं लागतांच त्याच्या रंगाची टोपी विकत घेणारा व हरूं लागतांच ती कोनाड्यांत टाकणारा जो चाहता, त्यास हेंच विशेषण लावितात. आणि तें स्तुतीचें नव्हे, हें सांगावयास नकोच.

याच्या उलट, निष्ठावंत चाहत्यांचा विषय निघाला कीं शिकागो शहरांतील ‘कब्स’ या संघाचें नांव प्रथम घेतलें जातें. ‘कब्स’ म्हणजे अस्वलाचीं पिलें. १८७६ सालीं नॅशनल लीग स्थापन झाली, तेव्हांपासून हा संघ तिच्यांत आहे. १९०७ व १९०८ अशीं लागोपाठ दोन वर्षें त्यानें अजिंक्यपद मिळविलें. पुढचें अजिंक्यपद मिळावयास १०८ वर्षें लागतील, असें त्या वेळीं कोणी भाकित केलें असतें, तर लोकांनीं त्यास वेड्यांत काढिलें असतें. परंतु घडलें तसेंच. १९१० ते १९४५ या काळांत हा संघ सात वेळां अंतिम मालिकेपर्यंत पोहोंचला, व सातही वेळां हरला. त्यानंतर तर ७१ वर्षें त्यास त्या मालिकेचें दर्शनही घडलें नाहीं.

या दुर्दैवास लोकांनीं एक कारण शोधून काढिलें. १९४५ च्या मालिकेंत एक मद्यगृहाचा मालक आपला पाळीव बोकड घेऊन सामना पाहण्यास गेला; बोकडास मज्जाव झाला, तेव्हां त्या मालकानें संघास शाप दिला, अशी कथा शिकागोंत घरोघर सांगत असत. शापावर खापर फोडणें सोपें असतें; खरीं कारणें मात्र माणसांच्या करणींत होतीं. संघाचे मालक फिलिप रिग्ली यांनीं मैदान सुंदर राखण्याकडे जितकें लक्ष दिलें, तितकें नवे खेळाडू तयार करण्याकडे दिलें नाहीं. ब्रुकलिनच्या संघानें १९४७ सालीं जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूस मैदानांत उतरवून वर्णभेदाची भिंत फोडिली. कब्सनें त्या वाटेनें जाण्यास आणखी सहा वर्षें लाविलीं. १९६१ व १९६२ या वर्षीं तर, एका मुख्य शिक्षकाऐवजीं अनेकांनीं आळीपाळीनें संघ चालवावा, असा विचित्र प्रयोग त्यांनीं केला; आणि १९६२ मध्यें संघ १०३ सामने हरला. बोकडाचा यांत कांहींएक अपराध नव्हता.

असें असतांही लोक त्या संघास कां चिकटून राहिले? एक कारण म्हणजे तें मैदान. ‘रिग्ली फील्ड’ हें मैदान १९१४ सालीं बांधलें गेलें व १९१६ पासून तें कब्सचें घर झालें. तें शहराबाहेरच्या माळावर नाहीं, तर घरांच्या वस्तींत आहे. त्याच्या विटांच्या भिंतीवर १९३७ सालीं वेली लाविल्या गेल्या, त्या हिरव्या वेली आजही तेथील शोभा आहेत. इतर संघ विजेच्या प्रकाशांत रात्रीं खेळूं लागले, तरी १९८८ च्या ऑगस्टपर्यंत तेथें दिवे लागले नाहींत. सामने दिवसा उजेडींच होत, आणि मुलें बापाचें बोट धरून ते पाहण्यास जात. अशा रीतीनें हा संघ कित्येक कुटुंबांत एखाद्या कुळाचारासारखा आज्याकडून नातवाकडे आला. कुळाचार कोणी फळाकडे पाहून पाळीत नाहीं. तो आपला आहे म्हणून पाळितात.

दुसरें कारण म्हणजे अर्नी बँक्स यांच्यासारखीं माणसें. १९५३ सालीं कब्समध्यें आलेले हे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू १९७१ पर्यंत त्याच संघांत राहिले. १९५८ व १९५९ या दोन्ही वर्षीं नॅशनल लीगमधील सर्वांत मोलाचा खेळाडू हा मान त्यांस मिळाला, आणि दोन्ही वर्षीं त्यांच्या संघानें जिंकले त्याहून अधिक सामने गमाविले होते! चेंडू थेट मैदानापलीकडे धाडण्याचा पराक्रम त्यांनीं ५१२ वेळां केला. पण अंतिम मालिकेंत खेळण्याचें भाग्य त्यांस एकदांही लाभलें नाहीं. तरीही, दिवस इतका सुंदर आहे, आज एकाऐवजीं दोन सामने खेळूं या, असें ते हंसतमुखानें म्हणत. ज्या संघाचा सर्वोत्तम गडी असा वागतो, त्याच्या प्रेक्षकांस पाठ फिरविण्याची लाज वाटली तर नवल नाहीं.

परंतु सत्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९६६ सालीं कब्स पुन्हां १०३ सामने हरले, तेव्हां वर्षभरांत मैदानावर आलेल्या प्रेक्षकांची संख्या सुमारे ६ लाख ३६ हजार होती. सप्टेंबरांतील एका दिवशीं तर अवघे ५३० प्रेक्षक होते. तीनच वर्षांनीं, १९६९ सालीं, संघ अग्रस्थानीं चढला, आणि हीच संख्या सुमारे १६ लाख ७५ हजारांवर गेली. शहर तेंच, मैदान तेंच, वेलीही त्याच; मग हे दहा लाख अधिक लोक आले कोठून? ते वाजंत्र्यांच्या गाड्यावरून आले! त्या वर्षीं शेवटीं न्यूयॉर्कच्या ‘मेट्स’ संघानें कब्सना मागें टाकिलें, ही गोष्ट निराळी.

अशा लोकांच्या मनांत काय चालतें, याचा शोध रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं घेतला, व तो १९७६ सालीं प्रसिद्ध केला. त्यांनीं सात विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचे पोशाख पाहिले. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला कीं पुढच्या सोमवारीं विद्यापीठाच्या नांवाचे सदरे अंगावर अधिक दिसत. संघ हरला कीं ते कमी होत. सामन्याविषयीं विचारलें असतां, विजय झाला असेल तर ‘आम्ही जिंकलों’ असें विद्यार्थी अधिक म्हणत; पराभव झाला असेल तर ‘आम्ही’ हा शब्द मागें पडे व ‘ते हरले’ अशी भाषा सुरू होई. आणखी एक मौजेची गोष्ट अशी कीं, ज्या विद्यार्थ्यांस एका छोट्या परीक्षेंत आपण कमी पडलों असें सांगण्यांत आलें होतें, त्यांच्यांत हा प्रकार विशेष दिसला. म्हणजे स्वतःचें मन खट्टू झालें कीं मनुष्य दुसऱ्याच्या विजयाची शाल पांघरूं पाहतो. हा दोष परक्यांचाच आहे असें नाहीं. आपल्या शाळेच्या संघाविषयीं बोलतांना आपण ‘आम्ही’ केव्हां म्हणतों व ‘ते’ केव्हां म्हणतों, हें प्रत्येकानें आपल्या मनाशीं तपासून पाहावें.

मग उशिरां येणाऱ्यांस हांकून द्यावें काय? असें मुळींच नाहीं. २०११ च्या अखेरीस कब्सचा कारभार थिओ एप्स्टाइन या तरुण व्यवस्थापकाच्या हातीं आला. त्यानें नवोदित खेळाडू जमवून पायापासून बांधणी केली. त्यापायीं २०१२ सालीं १०१ पराभव सोसले. २०१६ सालीं त्याच संघानें १०३ सामने जिंकले, आणि २ नोव्हेंबरच्या रात्रीं सुरू झालेल्या सातव्या व शेवटच्या सामन्यांत, पावसाचा व्यत्यय सोसून, दहाव्या डावांत क्लीव्हलँडच्या संघास ८ विरुद्ध ७ अशा धांवांनीं हरविलें. (क्लीव्हलँडचे चाहतेही १९४८ पासून अजिंक्यपदाची वाट पाहत होते, हें येथें विसरूं नये.) त्या दिवसांत हजारों लोक रिग्ली फील्डच्या विटांच्या भिंतींपाशीं आले, आणि हा दिवस पाहण्यापूर्वींच वारलेल्या आपल्या आईबापांचीं, आजोबांचीं, मित्रांचीं नांवें त्यांनीं रंगीत खडूनें त्या विटांवर लिहिलीं. त्या गर्दींत कालपरवां आलेलेही पुष्कळ होते. बायबलांतील द्राक्षमळ्याच्या दाखल्यांत शेवटच्या घटकेस आलेल्या मजुरांसही धनी पूर्ण मजुरी देतो, तेव्हां पहांटेपासून राबलेले कुरकुरतात. कित्येक जुने चाहतेही असेच कुरकुरतात. पण प्रत्येक जुना चाहता केव्हां तरी नवा होताच. नवागताची परीक्षा तो केव्हां आला यावरून होत नाहीं. पुढच्या पराभवानंतर तो राहतो कीं नाहीं, यावरून होते.

जुन्या निष्ठेसही कीड लागूं शकते. २००३ सालीं कब्स अंतिम मालिकेपासून केवळ पांच बळींच्या अंतरावर असतांना, प्रेक्षकांकडे येणारा एक चेंडू झेलण्यास कांहीं जणांनीं हात पुढें केले. त्यांपैकीं एकाचा हात लागून तो चेंडू कब्सच्या खेळाडूच्या हातीं आला नाहीं. पुढें संघाच्या स्वतःच्या गड्यांनींही चुका केल्या, त्याच डावांत प्रतिपक्षानें आठ धांवा काढिल्या, व सामना गेला. पण चिडलेल्या समुदायानें सारा दोष त्या एका प्रेक्षकावर लादिला. त्याच्यावर शिव्यांचा व वस्तूंचा वर्षाव केला, आणि रक्षकांस त्यास संरक्षण देऊन बाहेर न्यावें लागलें. तोही त्यांच्याच संघाचा चाहता होता! २०१७ सालीं संघानें त्यास अजिंक्यपदाची सन्मान-अंगठी दिली, हें उचित झालें. परंतु मधलीं चौदा वर्षें कोण परत देणार? जी निष्ठा आपल्यांतल्याच एका दुर्बळ माणसाचा बळी मागते, तिला निष्ठा म्हणूं नये.

तसेंच, निष्ठा म्हणजे मौनही नव्हे. ब्रुकलिनचा ‘डॉजर्स’ संघ १९४१ पासून पांच वेळां अंतिम मालिका हरला, तरी ‘पुढच्या वर्षीं पाहूं’ असें म्हणून लोक येत राहिले. १९५५ सालीं तें ‘पुढचें वर्ष’ उगवलें. पण १९५७ चा हंगाम संपल्यावर मालकांनीं संघ उचलून दूर लॉस एंजेलिस येथें नेला. ओकलंड शहरांतील ‘अ‍ॅथलेटिक्स’ संघाचें उदाहरण ताजें आहे. मालकांनीं चांगले चांगले खेळाडू दुसरीकडे जाऊं दिले, २०२३ सालीं संघ ११२ सामने हरला, मैदान ओस पडलें. आणि लोकच येत नाहींत, असें म्हणण्यास निमित्त झालें. तेव्हां त्याच वर्षींच्या १३ जून रोजीं चाहत्यांनीं उलटा बहिष्कार पुकारिला. ते मुद्दाम एकत्र आले, एकंदर २७,७५९ प्रेक्षक जमले, आणि ‘संघ विका’ असा घोष त्यांनीं मालकांच्या कानीं घातला. संघ २०२४ च्या अखेरीस ओकलंड सोडून गेलाच. पण त्या रात्रीं त्या लोकांनीं खेळाडूंवर प्रेम केलें व मालकांस खरें तें सुनाविलें; या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं करतां येतात, हें त्यांनीं दाखविलें. विदुरानें धृतराष्ट्राचें हित चिंतिलें, पण त्यास कटु सत्य सांगण्याचें सोडिलें नाहीं. निष्ठेचा नमुना तोच.

विद्यार्थिमित्रहो, खेळांतील संघ बदलल्यानें कोणाचें मोठें नुकसान होत नाहीं. परंतु मैदानावर जडलेली संवय मैदानावरच राहत नाहीं. परीक्षेंत नापास झालेला सोबती, धंद्यांत बुडालेला शेजारी, प्रकृतीनें खचलेला नातलग, हे सर्व आपापल्या परीनें हरणारे संघच आहेत. त्यांच्या ओसरीवर पाय ठेवावयाचा कीं वाट वांकडी करावयाची, हें आपण लहानपणींच शिकत असतों. म्हणून पुढच्या सामन्यांत आपल्या शाळेचा संघ मान खालीं घालून परत येईल, तेव्हां फाटकापाशीं जाऊन उभे राहा. कोणाची चूक झाली असेल तर ती नीट समजावून सांगा, पण एकट्यावर सारें खापर फोडूं नका. आणि ‘ते हरले’ असें न म्हणतां, ‘आम्ही हरलों’ असें म्हणावयास शिका. ज्यास हें म्हणतां येईल, त्यासच ‘आम्ही जिंकलों’ असें म्हणण्याचा खरा अधिकार.