लाइबनिट्सचा वारा, खाणवाल्यांचे पाट

सह्याद्रीतल्या पंप्ड स्टोरेज प्रकल्पांच्या बातम्या वाचून एका वाचकाने विचारलंय, ही ‘पाण्याची बॅटरी’ नेमकी कधीची? निदान कल्पना तरी विजेच्या फार आधीची. १६८०च्या दशकात, जर्मनीतल्या हार्झ डोंगरात, कलनशास्त्रवाला लाइबनिट्स तिच्या मागे लागला होता.

हार्झमध्ये चांदीच्या खाणी. जितकं खोल जावं तितकं पाणी झिरपणार. ते उपसायला पंप, पंप ओढायला पाणचक्की, आणि तिच्या चाकावर सोडायला पुन्हा पाणीच! ओढे आटले की चाकं थांबत आणि खाणी बुडू लागत. लाइबनिट्स म्हणाला, चाकाखालून गेलेलं पाणी पवनचक्क्यांनी परत वरच्या तळ्यात चढवू. कल्पना बिनतोड, पण वारा बेभरवशाचा, यंत्रं वरचेवर मोडणारी आणि खाणवाल्यांना हा दरबारी विद्वान नकोसा. १६८५मध्ये त्याच्या आश्रयदात्या ड्यूकने हात आखडता घेतला.

लाइबनिट्सचं नाव मोठं, म्हणून त्याची फसगतही गाजली. मला कौतुक आहे ते चाकांसाठी दुरून पाणी आणणारे पाट खणणाऱ्यांचं. डोंगराच्या कुशीला चिकटून, वळणावळणाने जाणारा पाट. उतार किलोमीटरला जेमतेम एक-दोन मीटर. जास्त दिला तर चाकावर पडायची उंची वाटेतच वाया, कमी दिला तर गाळ साचतो. मध्ये दरी आली तेव्हा १७३२ ते १७३४ या काळात त्यांनी सुमारे ९०० मीटर लांबीचा मातीचा बांध घातला आणि पाट त्याच्या माथ्यावरून पलीकडे नेला. हार्झमधल्या ब्रोकन शिखराच्या बाजूचं पावसाळी पाणी असं क्लाउस्थाल गावाच्या खाणींपर्यंत पोचलं. तळ्यांच्या बांधांतून पाणी पाझरू नये म्हणून गवताळ मातीची ढेकळं ठासून भरत. बर्फाने तुंबू नये म्हणून हिवाळ्यात पाटांवर फळ्या आणि फांद्या अंथरत. राखणीला आपल्याकडच्यासारखे पाटकरीही होते.

शतकांच्या कामातून सुमारे ५०० किलोमीटर पाट आणि १४३ तळी झाली. १७२२चं ओडरटाइश धरण तर दीडशेहून जास्त वर्षं जर्मनीतलं सर्वांत मोठं होतं. २०१०मध्ये युनेस्कोने या जाळ्याला जागतिक वारशात घेतलं.

क्लाउस्थालच्या खाणी १९३०मध्ये बंद पडल्या. पाटांचं पाणी मात्र त्यानंतरही खाणीच्या विहिरीत सोडलं जात होतं; खाली बसवलेली जनित्रं १९८०पर्यंत त्यावर वीज काढत होती.