पहिल्या पावसाचं डबकं

महाराष्ट्रात बेडकांच्या संरक्षणाचा विषय निघाला की सगळ्यांची नजर सह्याद्रीकडे जाते. त्याला कारणही तसंच आहे. सिंधुदुर्गातला आंबोली टोड २००९ साली स्वतंत्र प्रजाती म्हणून जगासमोर आला. सड्यावरच्या, म्हणजे कातळ पठारावरच्या, खडकात पावसाचं पाणी साचून जी उथळ डबकी होतात, त्यांत तो अंडी घालतो. त्याचं जग आंबोलीच्या आसपासच संपतं, म्हणून आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. त्याचा भाऊबंद कोयना टोड सोमन या संशोधकांनी १९६३ साली, कोयना धरणाचं काम चालू असताना नोंदवला. तो ‘संकटग्रस्त’ गणला जातो. या दोघांसाठी जेवढं करावं तेवढं थोडंच आहे.

पण आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि छत्रपती संभाजीनगरला जेमतेम सातशे. आपल्या मराठवाड्यातले मोठा पिवळा बेडूक, साधा भेक, जमिनीत पुरून घेणारे गोलमटोल बेडूक हे सगळे लाल यादीत ‘कमी चिंतेचे’ आहेत. यादी प्रजाती जगातून नाहीशी होण्याचा धोका मोजते. कन्नड किंवा पैठण तालुक्यातल्या एखाद्या शिवारातून बेडूक उठून गेला, तर त्या यादीत काहीच हलत नाही. मराठवाड्याचा प्रश्न इथेच सुरू होतो.

२०२३ साली ‘नेचर’मध्ये जगभरातल्या ८,०११ उभयचर प्रजातींचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ४०.७ टक्के प्रजाती धोक्यात असल्याचं आढळलं. सस्तन प्राण्यांत हे प्रमाण २६.५ आणि पक्ष्यांत १२.९ टक्के आहे. इतका मोठा धोका दुसऱ्या कुठल्याही पृष्ठवंशी वर्गाला नाही. २००४ नंतर ज्यांची स्थिती खालावली, त्यांच्या बाबतीत हवामानबदल हे सर्वांत मोठं कारण ठरतं आहे.

कोरडवाहू भागातल्या बेडकाचं आयुष्य एका गोष्टीवर टांगलेलं असतं: पहिल्या दमदार पावसाचं डबकं. वर्षातले कित्येक महिने तो काळ्या मातीत, भेगांच्या तळाशी ओल धरून पडून राहतो. मृगाचा पाऊस जोरात झाला की त्याच रात्री वर येतो, आणि एक-दोन रात्रींत अंडी घातली जातात. ती घालायला त्याला तात्पुरतं पाणी लागतं. बारमाही पाण्यात मासे असतात आणि ते अंडी, बेडूकमासे फस्त करतात. डबक्यात मासे नसतात, पण ते आटायच्या आत, महिना-दीड महिन्यात पिल्लाला पाय फुटून बाहेर पडावं लागतं. मधे पावसाचा लांबलचक खंड पडला तर सगळी पिढी चिखलात वाळून जाते. देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्या महिन्यात मराठवाड्यातली पिकं होरपळली हे आपण पाहिलं. डबक्यांचा विचार कोणाच्या मनात आला नाही.

आता आपण पाण्यासाठी जे करतो त्याकडे पाहू. नाले जेसीबीने खोल केले जातात आणि काठ उभे तासले जातात. गायरानातला खोलगट भाग मुरूम टाकून सपाट होतो. शेततळ्याला प्लास्टिकचं अस्तर लागतं, आणि त्या गुळगुळीत उतारावरून आत पडलेल्या छोट्या जिवाला वर चढता येत नाही. माणसाला पाणी हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण शेततळ्याच्या कडेला एक जाड दोर किंवा गोणपाटाची पट्टी सोडायला, नाल्याचा एक काठ उतरता ठेवायला खर्च असा काही येत नाही.

दुसरी गोष्ट तणनाशकाची. सिल्लोड, कन्नड, फुलंब्रीकडे मका मोठ्या प्रमाणावर होतो आणि मक्यात ॲट्राझिन फवारतात, तेही पेरणीनंतर लगेच. म्हणजे नेमकं बेडकांच्या विणीच्या दिवसांत. टायरोन हेज या अमेरिकी शास्त्रज्ञाने २००२ साली दाखवलं, की अगदी सूक्ष्म प्रमाणातल्या ॲट्राझिनमुळेही नर बेडकांच्या जननेंद्रियांत बिघाड होतो. या निष्कर्षांवर जोरदार आक्षेप घेतले गेले आणि वाद अजून चालू आहे. मात्र युरोपीय संघाने भूजल दूषित होतं म्हणून हे औषध बंद केलं आहे. माझ्या मते बांधालगतची पाण्याची जागा सोडून फवारणी करण्यासाठी तो वाद मिटायची वाट पाहू नये.

तिसरी गोष्ट रोगाची. सह्याद्रीच्या उत्तर भागातल्या बेडकांत, त्यांना घातक ठरू शकणारी कायट्रिड बुरशी सापडल्याचं २०१३ साली प्रसिद्ध झालं. ती पसरू नये म्हणून एका ठिकाणचे बेडूक किंवा बेडूकमासे पकडून दुसऱ्या पाण्यात सोडू नयेत, हौसेनेसुद्धा नाही.

कायद्याने बेडकाला एकदा मोठा हात दिला आहे. बेडकाच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ साली बंद केली आणि मोठ्या पिवळ्या बेडकाची बाजारासाठी होणारी कत्तल रोखली. मारणाऱ्यापासून वाचवणं कायद्याला जमतं. मुरुमाखाली गेलेलं डबकं त्याच्या नजरेत येत नाही. त्यासाठी साधन गावाकडेच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. त्या वहीत झाडं, पक्षी, औषधी वनस्पती लिहिल्या जातात. पावसाळी डबकी मात्र सहसा राहून जातात.

पाऊस पडावा म्हणून काठीला बेडूक बांधून दारोदार धोंडी काढणारा हा मुलूख आहे. येत्या मृगाच्या आधी आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन ती नोंदवही पाहायला मागा. शिवारातल्या ज्या डबक्यांत बेडूक ओरडतात त्यांचे गट क्रमांक तिच्यात लिहून घ्या, आणि तिथे मुरूम टाकायचा ठराव आला तर ग्रामसभेत उठून विरोध करा. संभाजीनगर शहरातल्यांनी हेच हर्सूल तलाव, सलीम अली सरोवर आणि खाम नदीच्या काठांसाठी महापालिकेकडे मागावं.