लसूण, नमाजची रांग आणि शेजार

भवानी पेठेतल्या आमच्या जुन्या घरी रमजानमध्ये एक नियम ठरलेला होता. खलबत्त्यात कुटलेली लसणाची लाल चटणी सहेरीला मिळायची नाही आणि इफ्तारलाही नाही. रात्री तरावीहची नमाज आटोपून अब्बा घरी आले की मगच बरणीचं झाकण उघडायचं. भाकरीबरोबर ती चटणी अब्बांना सगळ्यांत जास्त आवडायची, तरी नियम त्यांचाच. मी एकदा विचारलं, "लसूण हराम आहे का?" ते म्हणाले, "हराम नाही बेटा. पण रांगेत माझ्या शेजारी उभं राहणाऱ्याचा काय दोष?"

जमातची नमाज खांद्याला खांदा लावून अदा करतात. शेजारी कोण उभं राहणार, हे आपण ठरवत नाही. म्हणूनच कच्चा लसूण किंवा कांदा खाल्लेल्याने मशिदीपासून दूर राहावं, असं हदीसमध्ये आलं आहे. ज्याचा माणसांना त्रास होतो त्याचा फरिश्त्यांनाही होतो, असं त्याचं कारण सांगितलं आहे. हजरत उमर यांनी त्यावर वाटही सुचवली: खायचंच असेल तर शिजवून, वास घालवून खा.

मदिनेतला एक प्रसंगही प्रसिद्ध आहे. हिजरतनंतर प्रेषित मुहंमद (स.) अबू अय्यूब अन्सारी यांच्या घरी उतरले होते. एकदा पाठवलेलं ताट त्यांनी न खाता परत केलं. त्यात लसूण होता. यजमान घाबरले, हे निषिद्ध आहे का, असं त्यांनी विचारलं. नाही, फक्त मला त्याचा वास आवडत नाही, असं उत्तर मिळालं. बंदी नाही, पण दुसऱ्याचा विचार आहे. दुसरीकडे, रोजेदाराच्या उपाशी तोंडाचा वास अल्लाहला कस्तुरीहून प्रिय आहे, असंही हदीस सांगते. भुकेच्या वासाला मान आहे आणि चवीच्या वासाला थोडा आवर.

हा आवर मराठी घरांना नवा नाही. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारी कितीतरी घरं पुण्यात आहेत. सोडण्याआधी आषाढात कांदेनवमीला कांदाभजी आणि झणझणीत पिठलं करून हौस भागवून घेण्याची रीतही आहे. जैन घरांत तर लसूण बाराही महिने वर्ज्य. प्रत्येकाची कारणं वेगळी, पण जिभेला लगाम घालायची सवय सगळ्यांच्या ओळखीची.

वासाची मला आणखी एक आठवण आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही भाड्याने घर शोधत होतो. एका ठिकाणी सगळं ठरत आलं होतं. आमचं नाव कळल्यावर मालकांचा निरोप आला, "तुमच्या स्वयंपाकाचा वास आमच्याकडे चालणार नाही." त्या घरात आम्ही अजून चहासुद्धा केला नव्हता. ज्या वासाची काळजी घ्यायला मी लहानपणी शिकले, त्याच वासाचं निमित्त पुढे करून दार बंद झालं होतं. त्या रात्री अब्बा एवढंच म्हणाले, "त्रास झाला तर माणूस सांगतो. हे तर आधीच ठरलेलं होतं."

पुढे कोंढव्यात घर मिळालं. खालच्या मजल्यावर एक जैन काकू राहतात. पहिल्याच पर्युषणात त्यांनी दार वाजवलं आणि संकोचत म्हणाल्या, "तुझी लसणाची फोडणी डक्टमधून थेट आमच्या देवघरात येते गं." आम्ही डक्टकडची खिडकी बंद ठेवायला लागलो आणि पंख्याची दिशा बदलली. दोनशे रुपयांचं काम होतं. त्यांनी येऊन सांगितलं म्हणून ते झालं.

रिकाम्या कुंड्याही काकूंनीच दिल्या. त्यात मी लसूण लावला. निमित्त होतं महागाईचं. २०२४ च्या फेब्रुवारीत लसूण किलोला चारशे रुपयांवर गेला होता आणि रमजान तोंडावर होता. खिमा, दालचा, निहारी यांतलं काहीच लसणाशिवाय होत नाही. मंडईत पाव किलो घ्यायलाही हात कचरत होता.

कुंडीतला लसूण वर्षाची गरज भागवत नाही, पण तो लावणं सोपं आहे. लसणाला सहसा बी धरत नाही. पाकळी हेच त्याचं बी. आपल्याकडे लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, थंडी सुरू होताना करतात. आठ-दहा इंच खोल कुंडी, निचरा होणारी माती आणि त्यात शेणखत किंवा गांडूळखत. मोठ्या पाकळ्या न सोलता, टोक वर ठेवून, दोन इंच खोल आणि चार-चार इंचांवर लावायच्या. पाच-सहा तास ऊन हवं. पाणी बेताचं, कारण साचलं की पाकळी कुजते. चार-साडेचार महिन्यांनी पात पिवळी पडून आडवी झाली की त्याआधीच पाणी तोडायचं आणि गड्डे उपटून सावलीत वाळवायचे. पुण्याजवळ राजगुरुनगरला कांदा-लसणावर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. 'भीमा ओंकार' आणि 'भीमा पर्पल' हे लसणाचे वाण तिथलेच.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. सध्या तो लसूण काढणीच्या हंगामात येतो आहे. आता गड्डा धरणार नाही, पण पात नक्की मिळेल. घरात कोंब फुटलेल्या पाकळ्या असतील तर आजच कुंडीत खोचा. तीन-चार आठवड्यांत हिरवी पात कापता येते, म्हणजे ईदच्या सुमाराला. पातीचा वास गड्ड्यापेक्षा सौम्य असतो. ती दह्यात, आमलेटमध्ये किंवा डाळीवर छान लागते.

थोडं वासाबद्दल. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ती चिरली किंवा ठेचली की तिच्यातले दोन घटक एकत्र येतात आणि तो उग्र वास तयार होतो. शिजवल्यावर ही क्रिया थांबते, म्हणून हजरत उमर यांचा सल्ला आजही लागू पडतो. कच्चा लसूण खाल्ला तर वास रक्तातून फुप्फुसात जातो आणि श्वासातून येत राहतो. नुसते दात घासून तो जात नाही. सफरचंद, पुदिना किंवा दूध यांनी थोडा कमी होतो. एक काळजी मात्र घ्या. तेलात बुडवलेला कच्चा लसूण बाहेर ठेवू नका, त्यात घातक जंतू वाढू शकतात. फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-चार दिवसांत संपवा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर रोज कच्चा लसूण खाण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आपल्या कुंड्यांत लसूण वाढतोय हे काकूंना कळलं, तेव्हा त्या कपाळावर हात मारून हसल्या, "अगं, माझ्या कुंड्या बाटवल्यास की!" पण परत मागितल्या नाहीत. ईदला त्यांच्यासाठी शीरखुर्मा मी वेगळ्या भांड्यात करते. दूध, शेवया, खजूर, सुकामेवा. त्यात लसूण नसतोच, तरी भांडं वेगळं. त्यांनी कधी तसं सांगितलेलं नाही. अब्बांच्या नियमातलाच हा एक नियम आहे.